पुनवेच्या पाण्याची हद्द

जमीन मोजणाऱ्या माणसाने मोजणीच्या जागी चहा पिऊ नये, हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकलो. ज्याच्याकडे प्यावा त्याचे आपण मिंधे ठरतो, आणि ज्याच्याकडे पीत नाही तो खिडकीच्या फटीतून बघत असतो की शेजाऱ्याने कपाखाली बशी दिली की नाही. म्हणून अंधेरीपासून मुलुंडपर्यंतची सगळी नोकरी मी घरच्या तांब्यातलं पाणी पिऊन काढली. लोक म्हणायचे, गावडे तुसडा आहे. असेन. तुसड्या माणसाने मोजलेली जमीन निदान वाढत नाही.

आमच्या हुद्द्याला भूमापक असा भारदस्त शब्द आहे, पण माझ्या आईने तो कधी उच्चारला नाही. ती शेजारणींना सांगायची, "आमचा वसंता साखळी धरता." वडील गिरणीतून रिटायर झालेले. संध्याकाळी मी घरी आलो की ते फक्त एवढंच विचारायचे, आज कोणाच्या शिव्या खाल्ल्यास? आणि रोज काहीतरी सांगण्यासारखं असायचंच. साकीनाक्याला दोन कारखानदार भावांची वाटणी झाली होती आणि मधली रेघ नेमकी लेथ मशीनवरून गेली. धाकटा मला अगदी गंभीरपणे म्हणाला, "साहेब, मोटर माझ्याकडे आली आणि कातायचा जॉब त्याच्या बाजूला पडतो. आता काय करू, स्विच दाबून नमस्कार करू?" त्याला मी म्हटलं, मी रेघा मारतो रे बाबा, भाऊ जोडत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, हद्द म्हणजे कुंपण. कुंपण कुणीही घालतो. हद्द कागदात असते, आणि जुन्या कागदात ती आकड्यांत नसून चतुःसीमेत असते. म्हणजे पूर्वेला अमक्याचं शेत, उत्तरेला ओढा, दक्षिणेला वडाचं झाड, पश्चिमेला वाट. शंभर वर्षांनी शेतावर चाळ उभी असते, ओढ्याचं गटार होतं आणि वड जळणाला गेलेला असतो. त्या नाहीशा झालेल्या चार गोष्टी जमिनीवर पुन्हा शोधून काढायच्या, हे आमचं काम. बाकी साखळी कुणीही धरतो, आईचं काही चुकत नव्हतं.

आता ज्या मोजणीसाठी हे लिहायला बसलो, ती सांगतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बोरिवलीच्या पश्चिमेला, खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे एक कोळीवाडा आहे. नाव सांगत नाही, तिथल्या लोकांना पुष्कळ पत्रकारांचा आणि वकिलांचा त्रास झाला आहे. वाड्याच्या दक्षिणेला मोठं मोकळं मैदान. त्याचा खालचा, पाण्याकडचा भाग म्हणजे कोळणींची खळी. मासळी सुकवायची जागा. बांबूच्या वलांड्यांवर बोंबील टांगलेले, जमिनीवर जवळा पसरलेला. वरचा भाग कातळाचा, नुसतं गवत. एका बांधकाम कंपनीने कोर्टात दावा लावला की खळ्यांसकट हे सगळं मैदान आमचं आहे आणि कोळणींनी तिथे अतिक्रमण केलं आहे.

कंपनीकडे कागद होता, आणि खरा होता. इंग्रजी अमदानीतला, एका गोऱ्या व्यापाऱ्याच्या नावचा. त्या व्यापाऱ्याचे पडाव, म्हणजे मालाच्या मोठ्या होड्या, या किनाऱ्यावर चालायच्या. त्याने वाड्याचा पाटील हिरोजी याच्याकडून मैदान लिहून घेतलं होतं. मोबदला म्हणून एक बंदूक, एक शालजोडी आणि दारूचा बुधला. शिवाय दर नारळी पौर्णिमेला साहेबाने पाटलाच्या हातात नारळ द्यावा, असं कलम. खाली हिरोजीची सही म्हणून एक वल्हं काढलेलं होतं. साहेब विलायतेला गेला, त्याच्या वारसांनी कागद विकला, घेणाऱ्याने पुन्हा विकला, असं करत तो कंपनीपर्यंत आला. कागद हातोहात फिरत गेला. जमिनीवर कोळणी होत्या तशाच मासळी सुकवत राहिल्या.

भांडणाचं मूळ पश्चिमेच्या सीमेत होतं. कागदात लिहिलं होतं, पश्चिमेस भरतीचं पाणी चढतं तिथवर. बस. कुठली भरती, ते लिहिलेलं नाही. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी आळसावल्यासारखं खालीच थांबतं. ती रेघ धरली तर अख्खी खळी कंपनीच्या जमिनीत जात होती. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, तेव्हा पाणी खूप वर येतं. कोळी म्हणत होते, त्या पाण्याने खळी भिजतात, म्हणजे ती साहेबाच्या हद्दीबाहेर आहेत. कोर्टाने आमच्या कचेरीला कळवलं की जागेवर जाऊन कागदाप्रमाणे पश्चिमेची हद्द दाखवा. फाइल माझ्या टेबलावर आली.

पहिल्यांदा गेलो तो उन्हाचे दिवस होते, खळी भरलेली होती. माझा चेनमन शंकर, म्हणजे साखळी ओढणारा, मालवणकडचा. त्याने पहिली खुंटी ठोकली आणि एका कोळणीने ती उपटून खाडीत भिरकावली. दुसरी ठोकली, तिचीही तीच गत. तिसऱ्या वेळी मासळी धुतलेलं पाणी आमच्या पायांवर आलं. शंकर म्हणाला, "गावडेनू, ह्यां काय बरां दिसणा नाय. जाऊया घराक." तेवढ्यात बायकांना बाजूला सारत एक म्हातारी पुढे आली. चांगुणाबाई, हिरोजी पाटलाच्या घराण्यातली सून. नवरा दर्यात गेलेला, आणि वाड्यात शब्द तिचा चालायचा.

"काय रं, मोजाया आयलास? मोज. दर्या पन मोज, तो पन घेऊन जा."

माझा एक नेम होता. मोजणीआधी तिथल्या लोकांना कागद वाचून दाखवायचा. मी कंपनीच्या कागदाची नक्कल काढली आणि तिथेच वलांडीच्या सावलीत उभा राहून इंग्रजीवरून साध्या मराठीत सांगत गेलो. पिढ्यान्‌पिढ्या ज्या कागदाच्या नावाने लोक त्यांना धमकावत होते, तो त्यांना कुणी वाचून दाखवला नव्हता. हिरोजीचं नाव आलं तसा गलका थांबला. वल्ह्याची सही दाखवली तेव्हा चांगुणाबाईने तीवर बोट फिरवलं. बंदूक आणि शालजोडी ऐकून एक जण हसला. मग मी जागा कशासाठी दिली ते कलम वाचलं: साहेबाचे पडाव वर ओढून पावसाळाभर बसवण्याकरता.

"बसवन्याकरता," चांगुणाबाई म्हणाली. "बग, त्यातच लिवलंय. अरं, गाव द्यायचा तं जमात बसते. एकल्या पाटलाचा सबुद चालत नाय. हिरोजीबाबानी पावन्याला वटीवर बसाया दिला. वटीवर बसला म्हंजे घर त्याचा जाला का?"

तिचं म्हणणं खरं होतं आणि कोर्टात ते टिकणार नव्हतं, हे दोन्ही मला एकदम कळलं. पावसात कोळ्यांची मासळी सुकत नाही, तेव्हा मैदान पडावांचं. उघाडीत पडाव समुद्रावर, तेव्हा मैदान कोळणींचं. एकाच जागेवर दोघे नांदले आणि दोघांनाही वाटलं, जागा आपली. साहेबाचं वाटणं कागदावर उतरलं, हिरोजीचं उतरलं नाही.

निघताना मी विचारलं, "साहेबाचे पडाव पाण्यात कधी उतरायचे?"

"नारली पुनवेला. आनि कवा? त्या पान्याबिगर एवरा मोटा पडाव हालतो का?"

त्या दिवशी आणखी एक गोष्ट टिपून ठेवली होती, पण तिचा अर्थ लागला नव्हता. खळ्यांच्या मधून एक उथळ चर गेलेला होता. पाण्याकडे सरळ न जाता तो तिरका दक्षिणेच्या, खाडीकाठच्या तिवरांकडे वळत होता. ओढा म्हणावा तर वरून पाणी येत नव्हतं. नकाशावर मी त्याच्यापाशी प्रश्नचिन्ह काढलं.

मोजणीची तारीख ठरवायची होती, आणि सगळा खेळ तारखेचाच होता. कंपनीचे व्यवस्थापक दळवी कचेरीत आले. गोड माणूस, आवाज कधी चढायचा नाही. टेबलावरचं कॅलेंडर स्वतःच उलटून म्हणाले, "गावडे, अष्टमी घ्या. पाणी शांत असतं, तुमचंही काम सोपं." मी म्हटलं, बघतो. ते म्हणाले, "बघा ना. तुमच्या साहेबांनीही बघितलंय."

साहेबांनी मला आत बोलावलं. खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "तारीख तू ठरव, मी मध्ये पडणार नाही. पण मग पुढची बदली आणि बढतीही तूच ठरवलीस असं समज." मला दोन मुली. मोठीच्या कॉलेजचं वर्ष. वडिलांची गिरणी बंद पडलेली, फंड अडकलेला. खोटं कशाला बोलू, चार दिवस मी अष्टमीच्या बाजूने सगळी कारणं शोधली. पुष्कळ सापडली. पण प्रत्येक वेळी पडाव आडवे यायचे. ज्या पाण्याने पडाव हलतच नाहीत, त्या पाण्याची रेघ पडाववाला माणूस आपल्या कागदात कशाला लिहील? शेवटी मी तेवढंच कारण लिहिलं आणि तारीख टाकली: नारळी पौर्णिमा, भर भरतीची वेळ. साहेबांनी सही केली आणि पेन माझ्याकडे न देता टेबलावर आपटलं.

त्यानंतर मैदानासमोर डंपर यायला लागले. शंकरनेच बातमी आणली. कंपनीने खळ्यांच्या पुढ्यात, पाण्याच्या तोंडाशी, राडारोड्याचा बांध घालायला घेतला होता. नाव दिलं होतं धूपप्रतिबंधक भिंत. मी जाऊन बघितलं. छातीएवढा उंच बांध, या टोकापासून त्या टोकापर्यंत. उधाणाचं पाणी समोरून आत येण्याचा प्रश्नच नव्हता. वाड्यातली पोरं फावडी घेऊन उभी होती. एक जण ओरडला, "आज्जे, आज राती सपाट करतो!" चांगुणाबाईने माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "बांधाला कुणी हात लावू नका. लावलात, तर पाणी तुम्ही आणलं असं ठरेल. दर्याने आणलं असं ठरणार नाही."

"आनि पानी नाय आयला तं?"

"तर मी बांधापाशी खुंटी मारणार. जे दिसेल तेच मला लिहायचंय."

तिने पदर खोचला. मग पोरांच्या हातातून एकेक फावडं काढून घेत गेली. तिचा माझ्यावर विश्वास बसला होता असं नाही. तिला दुसरा रस्ता उरला नव्हता, होता तो मीच बंद केला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

नारळी पौर्णिमेला बाकी गावांत संध्याकाळी नारळ सोडतात. या वाड्यात भर भरतीला, दुपारीच सोडतात. सगळा वाडा नटून मैदानावर आलेला. बायका ठेवणीतली लुगडी नेसलेल्या, डोक्यात फुलं, बँडवाले उभे, पण वाजवायचं कुणाला सुचत नव्हतं. चांगुणाबाईच्या हातात जरीच्या कापडात गुंडाळलेला नारळ. दुसऱ्या बाजूला दळवी, त्यांचे वकील आणि एक फोटोग्राफर. मध्ये मी आणि शंकर, खुंट्या आणि हातोडा घेऊन.

पाणी बांधाला लागलं. चढत चढत अर्ध्यावर आलं आणि बांधावर आपटून मागे जायला लागलं. आमची एक साधी रीत आहे. पाण्याच्या कडेला गवताची काडी टाकायची. काडी पुढे सरकते तोवर भरती, मागे फिरली की ओहोटी. शंकर बांधावर चढून पलीकडे काड्या टाकत होता आणि दर वेळी ओरडत होता, "चढता हा! चढता हा!" पण चढून उपयोग काय? अलीकडे खळी कोरडी ठणठणीत. दळवींनी घड्याळ बघितलं. "गावडे, मारायची का खुंटी?"

"पाणी अजून चढतंय."

थोड्या वेळाने पुन्हा, "गावडे?"

हातोड्याचा दांडा घामाने निसटत होता. चांगुणाबाईचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. ती समुद्राकडे बघत नव्हती, डोळे मिटून उभी होती. मला तिची भयंकर दया आली आणि स्वतःचा रागही. मी कशाला या बाईला न्यायाची आशा लावली? फावडी तरी चालवू द्यायची होती. शंकरच्या काड्या थांबल्या. त्याने मान वळवली, बहुधा मला सांगायला की आता संपलं. आणि तो माझ्या मागे कुठेतरी बघत राहिला.

"गावडेनू, मागे बघा."

मागे तो चर होता. ओला झालेला. मी बघत असतानाच तिवरांच्या बाजूने पाण्याची एक जीभ चरातून वर आली, थबकली, मग दुसरी आली आणि तिला पुढे ढकलून गेली. पडाव खाडीतून वर ओढायचे, सरळ समुद्रातून नव्हे. वर्षानुवर्षं त्यांच्या तळांनी घासून पडलेली ती वाट होती. साहेब गेला, पडाव गेले, वाट तेवढी राहिली, आणि कंपनीने सगळा बांध चुकीच्या बाजूला घातला होता. पाणी चर भरून दोन्ही अंगांना उतू गेलं. खळ्यांवर पसरलं, रिकाम्या वलांड्यांच्या पायांशी आलं, बायकांच्या पावलांवर आलं. कुणी हललं नाही. कातळ सुरू होतो तिथे जाऊन पाणी थांबलं. शंकर धावत आला, काडी टाकली. काडी जागीच फिरली आणि हळूच मागे निघाली.

मी खुंटी मारली. पहिला घाव चुकला.

तेव्हा जो गलका झाला, बँड वाजला, ते सांगत बसत नाही. दळवींचं मात्र मला कौतुक वाटतं. चेहरा एका क्षणात सावरून ते हसत पुढे आले. एका टोपलीतला नारळ उचलला, फोटोग्राफरला खूण केली आणि चांगुणाबाईसमोर धरला. "आजी, झालं गेलं विसरा. कागदात साहेबाचा नारळ आहे ना? आजपासून तो कंपनी देईल, दर वर्षी. मानाने. घ्या."

लोक टाळ्या वाजवायला लागले. मलाही क्षणभर वाटलं, बरं झालं, गोड शेवट झाला. तिच्या हातात दर्याचा नारळ होता. तो तिने शेजारच्या बाईकडे दिला, आणि मोकळे झालेले दोन्ही हात पाठीमागे नेले.

"हिरोजीबाबानी घेतला," ती म्हणाली, "म्हनून तुमी आज हितं उभं हाव."

टाळ्या थांबल्या. दळवी नारळ धरून उभेच राहिले. फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला. इतकी वर्षं कोर्टकचेऱ्यांत काढली, पण करार कुठे सुरू होतो हे मला त्या दिवशी कळलं. सहीच्या आधी माणूस हात पुढे करतो, तिथे.

जाताना दळवी माझ्यापाशी थांबले. हळूच म्हणाले, "गावडे, तुम्ही कोळ्यांना नाही जिंकवलंत. भरतीच्या रेषेखालची जमीन सरकारची. तुम्ही सरकारला जिंकवलंत." हे मला ठाऊक होतं. चांगुणाबाईला नव्हतं. नारळ सोडून झाल्यावर ती भिजलेल्या लुगड्याने माझ्याकडे आली. "म्हंजे खलं आथा आमचं ना?"

मी सांगितलं, नाही. कंपनीचं नाही, एवढंच. ते सरकारचं.

"सरकार हितं कवा मासली सुकवाया येनार?" तिने विचारलं. मला वाटलं ती चिडून विचारतेय, पण तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

कंपनीला वरचा कातळ मिळाला. तिथे इमारती झाल्या, आणि आता तिथले लोक खालच्या मासळीच्या वासाची तक्रार करतात. खळ्यांतला चांगला मोठा तुकडा पुढे सरकारी रस्त्यात गेला. तो मोजायला माझ्याच खात्याचा दुसरा माणूस आला होता. माझी बदली केव्हाच कांजूरमार्गाला झाली होती, मिठागरं आणि डास मोजायला. बढती आली ती निवृत्तीच्या तोंडावर. वडील म्हणाले, शिव्या कमी खाल्ल्यास म्हणून उशीर झाला. खुंटी बरोबर जागी मारली याचा मला आजही अभिमान आहे, आणि त्या तुकड्याचं दुःखही आहे. नेमकी मोजणी केली म्हणजे न्याय होतो, असं मी तरुणपणी समजत होतो.

निवृत्त झालो त्या वर्षी नारळी पौर्णिमेला मी वाड्यात गेलो. उरलेल्या खळ्यावर चांगुणाबाई पाटावर बसली होती, खूप थकलेली, पण डोळे तेच. तिने मला चहा दिला. नोकरीतून सुटलो होतो, मी प्यायलो. चहा संपल्यावर पिशवीतून नारळ काढला आणि भाबडेपणाने तिच्यापुढे धरला. जीव लागला होता म्हणून, दुसरं काही मनात नव्हतं.

तिने नारळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. हात मांडीवरून हलले नाहीत.

"मानूस चांगला हास रं तू," ती म्हणाली. "ठेव थितं, खुंटीपाशी. पानी येल तं घेल."

मी जाऊन ठेवला. दुपारी पाणी आलं आणि घेऊन गेलं.